आले गं, आले

१

रोज दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की मी पुढच्या खोलीतलं टेबल पुसते आणि दुकान मांडते. दुकान म्हणजे काय, तर डाव्या हाताला परदेशातून आलेलं खोकं, उजव्या हाताला रिकाम्या लांबट डब्या, मधे एक काच, मऊ फडकं आणि टेप. मी शोभेच्या चॉपस्टिक विकते. लोक त्यांनी जेवतात, त्या भिंतीवर लावतात, अंबाड्यात खोचतात, भेट म्हणून देतात. मला कशाचंच काही नाही, जोडी धड पोचली म्हणजे झालं. माझी ताई म्हणायची, "आयुष्यभर काड्या केल्यास, आता विकायला लागलीस."

जोडी तपासायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी एकेक काडी काचेवरून घरंगळू द्यायची. वाकडी असली तर ती लंगडत जाते. मग उजेडात धरून रंगाला कुठे फोड आलाय का ते बघायचं, शिंपल्याचं जडावकाम नखाने चाचपायचं. शेवटी दोन्ही काड्या मुठीत एकत्र धरून टेबलावर दोनदा आपटायच्या. ठक्, ठक्. टोकं जुळत असली तर आवाज एकसंध येतो, एक काडी केसभर लांब असली तर फुटका येतो. अठरा वर्षं मी एका भेटवस्तूंच्या दुकानात मालकाचा माल तपासला आहे. माझा कान सहसा फसत नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, काळ्या रंगावर पांढरे बगळे काढलेली एक जोडी मी अशीच दोनदा आपटली आणि तिसरा ठक् ऐकला.

काड्या माझ्या हातात, टेबलापासून वीतभर वर होत्या. आवाज मागच्या खोलीतून आला होता. मी उठून बघितलं. खिडकी लावलेली, पलंगावर चादर ओढलेली, फडताळात खोकी. वरच्या मजल्यावर कोणीतरी काहीतरी पाडलं असेल, असं म्हणून मी परत आले आणि पुढची जोडी घेतली. निळ्या लाटांची. ठक्, ठक्. आणि आतून, जरा थांबून, ठक्.

मी तशी भित्री नाही. उलट जरा जास्तच हिशेबी डोक्याची आहे, असं घरातले म्हणत आले. म्हणून मी एकदाच आपटून पाहिलं. आतून दोन आले.

मग मी काड्या फडक्यावर ठेवून दिल्या आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसले. भर दुपार होती, रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. थोड्या वेळाने आतून तिन्ही आले.

२

हा धंदा खरं तर ताईच्या उजव्या हातामुळे सुरू झाला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर, आणि लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर, ती माझ्याकडे राहायला आली. मी एकटी, ती एकटी, दोन खोल्या, मधे लांबट बोळ, बोळाच्या कडेला स्वयंपाकघर. पुढची खोली माझी, मागची तिची. चार वर्षं आम्ही मजेत भांडलो. मग एका सकाळी तिच्या हातातून कप निसटला आणि तो उचलायला हात काही पुढे झालाच नाही. उजवी बाजू गेली. वाचाही निम्मी गेली. जे काही बोलायची ते तोंडातल्या तोंडात, शेजारी बसल्याशिवाय कळायचं नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. ताई त्यांना माघारी हवालदारीणबाई म्हणायची. त्यांनी सांगितलं, चॉपस्टिक आणा, दोन ताटल्या घ्या, एकीत बटणं ठेवा आणि काड्यांनी एकेक उचलून दुसरीत टाकायला लावा, बोटांना पकड येईल. मी बाजारातल्या साध्या लाकडी काड्या आणल्या. ताईने त्या डाव्या हाताने भिरकावून दिल्या. म्हणाली, "मरेपर्यंत हेच बघायचंय, तर जरा बरं दिसणारं आण."

मग मी शोधत बसले, आणि शोधता शोधता लाल रंगाची, सोनेरी मासे असलेली एक जोडी मागवली. ती बघायला शेजारीण आली, शेजारणीची बहीण आली, दोघींनी आम्हाला मागवून दे म्हणून गळ घातली. दुकान बंद पडून माझी नोकरी गेल्याला तेव्हा सहा महिने झाले होते. बसल्या जागी काम मिळालं आणि मी त्यात अशी बुडाले की बस. ताईला त्याचं कौतुकही होतं आणि रागही होता.

मागच्या खोलीतून हाक ऐकू यायची नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. ताटलीवर काड्या आपटायच्या. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे उशी, पंखा, खिडकी असलं किरकोळ काहीतरी. तीन म्हणजे आत्ताच्या आत्ता ये. पहिल्यांदा तीन वाजले तेव्हा मी धावताना बोळात पायाचं बोट फोडून घेतलं होतं. आत ताई निवांत पडलेली. "काही नाही," म्हणाली, "बघत होते येतेस का."

मी चिडले, ती हसली. मग तिला सवयच लागली. खिडकीत पाखरू बसलं, तीन ठोके. मी जरा जास्त वेळ फोनवर बोलले, तीन ठोके. मीही शहाणी झाले. बसल्या जागेवरून ओरडायचे, "आले गं, आले," आणि हातातलं काम संपवून जायचे. तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं. निदान मी तरी तसं धरून चालले होते.

३

आता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं सांगण्यात अर्थ नाही.

मोठी अशी पहिली ऑर्डर एका हॉटेलवाल्याची होती, साठ जोड्यांची. कुरिअरवाला चारला येणार होता. तीन वाजून गेले तेव्हा माझ्या वीस जोड्या बाकी होत्या. आतून तीन ठोके आले. मी ओरडले, "आले गं, आले," आणि टेप ओढली. थोड्या वेळाने पुन्हा तीन. "आले गं, आले." टेप. तिसऱ्यांदा आले तेव्हा ठोके सरळ नव्हते, एक जोरात, एक हळू, एक घसटत गेलेला. हे मला तेव्हाच कळलं होतं. सांगितलं ना, माझा कान सहसा फसत नाही. तरी मी म्हटलं, "आले गं, आले," आणि टेप ओढली.

कुरिअरवाला वेळेवर आला. त्याला पाणी दिलं, त्याच्याशी दोन शब्द बोलले, दार लावलं आणि मग आत गेले. सव्वाचार झाले होते.

ताई गेली होती. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, कोणी काही करू शकलं असतं असं नाही. ते चांगले होते, सगळ्यांना तसंच सांगत असतील. त्या वेळी दोन गोष्टी माझ्या डोळ्यांना दिसल्या, पण डोक्यात शिरल्या नाहीत. खुर्ची पलंगाला टेकवून ठेवलेली होती, ती मी कधी ओढली ते मला आठवेना. आणि लाल काड्या ताटलीत शेजारी शेजारी, टोकं जुळवून ठेवलेल्या होत्या. ताईच्या हातून त्या नेहमी विस्कटून पडायच्या.

संध्याकाळी भाची आली. आम्ही तिला खारू म्हणतो, कारण लहानपणी ती गालात खाऊ दडवून ठेवायची. दारातच माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, तू होतीस ना जवळ?"

मी म्हटलं, "होते गं. तिचा हात माझ्या हातात होता."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. पण निघालं, आणि खारूचा जीव भांड्यात पडला, आणि नंतर ते परत घ्यायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून तिने मला डोक्यावर बसवलं आहे. येईल जाईल त्याला सांगते, "माझ्या आईचं शेवटी मावशीने केलं." दर वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, आणि दर वेळी मी मान खाली घालून ते ऐकून घेते.

४

ठोके सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी खारूचा फोन आला. नोकरी सोडली म्हणाली.

"वेडी आहेस का? चांगली खुर्चीवरची नोकरी."

"खुर्चीचाच कंटाळा आलाय. मावशी, आपण दोघी मिळून करू ना धंदा. फोटो मी काढते, गिऱ्हाइकांशी मी बोलते. तू नुसतं ठकठक करत बस."

"जागा कुठे आहे इथे?"

"आईची खोली आहे की." मग जरा थांबून म्हणाली, "मला तुझ्याजवळ राहायचंय गं. तू तिच्याजवळ राहिलीस तशी."

नको म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. होतं ते एकच, आणि ते सांगितलं असतं तर ती आलीच नसती, कदाचित पुन्हा कधीच आली नसती. तिच्याशिवाय मला आता दुसरं आहे कोण? म्हणून मी म्हटलं, "ये बाई, ये," आणि मागची खोली आवरायला घेतली.

ताई गेल्यापासून वर्षभरात त्या खोलीत मी माल ठेवण्यापुरतीच जात होते. दार उघडायचं, खोकं सरकवायचं, दार ओढायचं. त्या दिवशी खिडकी उघडली, गादी उन्हात टाकली, फडताळ पुसलं. सगळ्यात खालच्या फळीवर त्या दोन ताटल्या होत्या आणि बटणांची बाटली. लाल काड्याही तिथेच होत्या. त्या मीच तिथे ठेवल्या होत्या, टाकून द्यायचं धाडस झालं नव्हतं. ताटल्या धुतल्या, पुसल्या, एकात एक घालून पुन्हा फळीवर ठेवल्या, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोकं आणायला गेले तर ताटल्या पलंगावर मांडलेल्या. एकीत बटणं, दुसरी रिकामी.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. काल थकून गेले होते, आवरता आवरता मीच मांडल्या असतील. माणूस गॅस बंद केला की नाही हे विसरतो, मग हे का नाही विसरणार? ताटल्या उचलल्या आणि या वेळी फडताळाला कुलूप लावलं. कुलूप लावताना मला माझीच लाज वाटली. आजारी बहिणीला कोंडावं तसं काहीतरी मी करत होते.

त्यानंतर जोडी तपासताना मी आपटणं बंद केलं. टोकं नुसती बोटाने चाचपू लागले. त्या आठवड्यात दोन जोड्या परत आल्या, एक काडी लांब, एक आखूड. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, तुमचं लक्ष नाही. मला त्याचा राग आला नाही.

५

खारू आली आणि घरात जीव आला. तिच्या दोन बॅगा, तिचे तीन दिवे, फोटोसाठी आणलेले रंगीत कागद. येऊन दोन तास झाले नाहीत तोच तिने फडताळाची किल्ली मागितली. ताटल्या नि लाल काड्या बघून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मी पण शिकणार या काड्यांनी बटणं उचलायला. विकतो ते वापरता तरी यायला हवं."

आठ दिवस काहीही झालं नाही. ना ठोका, ना बटणं. मला वाटलं, संपलं. ताईला लेक हवी होती, लेक आली. असा हिशेब मी मनाशी मांडला आणि मोकळी झाले. पुन्हा जोड्या आपटून तपासू लागले.

नवव्या दिवशी आम्ही चहा पीत बसलो होतो. खारू म्हणाली, "मावशी, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"आधी सांग, मग चिडायचं की नाही ते ठरवते."

तिने ताईचा जुना फोन टेबलावर ठेवला. तो तिनेच नेला होता आठवण म्हणून. "आईला बोलण्याचा व्यायाम होता ना, फोनमध्ये रेकॉर्ड करायचा? रोज दुपारी लावून ठेवायची ती. त्या शेवटच्या दिवसाचंही आहे. वर्षभर धीर झाला नाही माझा. परवा ऐकलं."

माझ्या हातातला कप मी बशीत ठेवला.

"तू एवढं सगळं केलंस आणि मला कधी बोलली नाहीस," खारू म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून तिने बटण दाबलं.

आधी ताईचं बोलणं होतं, तेच ते ठरलेले शब्द, अडखळत. मग बटणं पडल्याचा आवाज. मग तीन ठोके. लांबून माझा आवाज, "आले गं, आले," आणि टेप ओढल्याची करकर. पुन्हा तीन ठोके. पुन्हा मी, पुन्हा टेप. मग ते वेडेवाकडे तीन. मी डोळे मिटले. आता यापुढे काय असणार ते मला ठाऊक होतं. काहीच नसणार होतं, नुसती टेप.

पण बोळातून पावलं आली. खुर्ची फरशीवरून कर्रर्र करत ओढली गेली. आणि अगदी जवळून, फोनला तोंड लावून बोलावं तसा, माझा आवाज आला.

शब्द कळत नव्हते. खालच्या पट्टीत, रडत रडत मी काहीतरी सांगत होते. खूप वेळ. मधे मधे ताईचा हुंकार. शेवटी दोन वाक्यं स्पष्ट आली. "आता पुरे. ठेव ते खाली." मग काड्या ताटलीत ठेवल्याचा हलका आवाज. त्यानंतर काही नाही.

खारू रडत होती, पण सुखाने. "किती मायेने बोललीस गं तिच्याशी," ती म्हणाली. मग नाक पुसत म्हणाली, "फक्त एक कळलं नाही मला. तू आत आल्यावरही मागे टेपचा आवाज येतच राहतो. तेव्हा पुढे कोण होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

६

ती रात्र मी कशी काढली ते सोडा. सकाळी मी ठरवलं की खारूला सांगायचं. तिला जायचं तर जाऊ दे. जिच्यासाठी ती नोकरी सोडून आली ती मी नव्हते. माझ्या आवाजात बोलणारं दुसरंच कोणी तिच्या आईजवळ बसलं होतं. माझ्या वाटचं काम त्याने केलं आणि त्याचं कौतुक मी खात होते. याची भीती जास्त वाटत होती की शरम, हे मला आजही सांगता यायचं नाही.

पण सकाळी फोन आले, दुपारी माल आला, आणि मी सांगणं पुढे ढकललं. ढकलण्यात मी मुरलेली आहे. तीन वाजता मी टेबलाशी होते. खारू मागच्या खोलीत बटणं उचलायचा सराव करत होती, अधूनमधून तिचं वैतागून हसणं ऐकू येत होतं. चारला कुरिअरवाला येणार होता.

आतून तीन ठोके आले.

"आले गं, आले," माझं तोंड आपोआप म्हणालं आणि हात टेपकडे गेला.

तो मी तिथेच थांबवला. बरंच बळ लागलं त्याला. मग उठले. बोळ नऊ पावलांचा आहे, त्या दिवशी मला तो कितीतरी लांब वाटला. दारात पोचले तर खारू पलंगाच्या पलीकडे स्टुलावर बसलेली, ताटल्या पलंगावर, काड्या तिच्या हातात.

"काय गं, काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"तीनदा वाजवलंस ना?"

"मी? नाही बाई. एक बटण उचलेना माझ्याच्याने, वाजवते कसली."

त्या क्षणी मी पळून जाऊ शकले असते. पण मग पुन्हा कधी आले नसते. मी खुर्ची ओढली. ती फरशीवर कर्रर्र करत सरकली, आणि खारूने मान वर केली. तो आवाज तिने ओळखला होता.

मी खुर्ची पलंगाला टेकवून बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. साठ जोड्या, तीनदा तीन ठोके, तिसऱ्या वेळचा तो घसटत गेलेला ठोका आणि तो मला तेव्हाच कळला होता हेही. कुरिअरवाल्याला पाणी दिलं हेही. सांगताना मला रडू फुटलं आणि आवाज खाली खाली जात राहिला.

"म्हणजे आई एकटी होती," खारू म्हणाली.

"हो."

"आणि तू तिकडे होतीस. नऊ पावलांवर."

"हो गं."

ती माझ्याकडे बघेना. खाली मान घालून काड्यांनी बटण पकडायला लागली. बटण निसटलं, पुन्हा पकडलं, पुन्हा निसटलं. तरी ती थांबेना. शेवटी काड्या चादरीवर टाकून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आमच्या मधल्या ताटलीत मात्र बटणं, कोणीतरी उचलत असल्यासारखी, खुळखुळतच होती.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "आता पुरे. ठेव ते खाली."

म्हटलं आणि मग कानावर आलं, मी काय म्हटलं ते.

हलका आवाज झाला. लाल काड्या ताटलीत होत्या, शेजारी शेजारी, टोकं जुळवून. खारूचे दोन्ही हात अजून तिच्या तोंडावर होते. तिच्या नि माझ्या मधे, चादरीखाली गादी दबलेली होती, कुशीवर वळलेल्या माणसाएवढी. त्याहून जास्त मी बघितलं नाही. मी डोळे मिटून घेतले आणि हात चादरीवर पुढे केला, तळवा वर करून. वर्षभर जे खोटं सांगत आले तेवढं तरी खरं व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं.

माझ्या हातात बोटं आली. कोरडी, गार, उजव्या हाताची. डॉक्टर म्हणाले होते, या हाताला आता पकड यायची नाही. पकड चांगली घट्ट होती. व्यायामाचा उपयोग झाला होता.

"मावशी," खारू कुजबुजली. तिने तोंडावरचे हात काढले होते, पण ती पलंगाकडे बघत नव्हती. बोळाकडे बघत होती. "मावशी, पुढे कोण आहे?"

पुढच्या खोलीत टेप ओढल्याची करकर झाली. डबी बंद झाली, दुसरी उघडली. काचेवरून काडी घरंगळली. कोणीतरी एक जोडी हातात घेऊन टेबलावर दोनदा आपटली, एकसंध, मनासारखी.

मला उठायचं होतं. हात सुटेना. मग मोकळ्या हाताने मी ताटलीतल्या काड्या उचलल्या आणि ताटलीच्या कडेवर तीनदा आपटल्या, जितक्या जोरात आपटता येतील तितक्या.

"आले गं, आले," पुढून माझा आवाज आला, कामात असलेला, जरा वैतागलेला. आणि टेप पुन्हा ओढली गेली.

आम्ही तिघी तिची वाट बघत बसलो.